सुई पायात, हात मांडवाला

वस्तीत कुणाच्या पायात काटा मोडला की हाक मला यायची. सायखेड्यात गोदावरी आम्हाला जवळ होती आणि बाभळी तिच्याहून जवळ, त्यामुळे हाकांना तोटा नव्हता. आईच्या शिवणाच्या डबीतली एक बारीक सुई माझ्या नावाची होती. ती स्टोच्या जाळात लाल होईपर्यंत धरायची, मग काजळी निघावी म्हणून परकराला स्वच्छ पुसायची, काट्याभोवतीची कातडी हलक्या हातानं उकरायची आणि काटा वर आला की नखांत धरून ओढायचा. भोकात कोमट हळद-तेलाचा थेंब सोडला की काम संपलं. आवाजानं वस्ती हलवणारे मिशावाले बाप्ये माझ्यापुढं पाय पसरून बसायचे आणि तोंड भिंतीकडं फिरवायचे. मी तेव्हा नववीत होते. गणितात यथातथा, धावण्यात शेवटून दुसरी, पण काटा काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याचा मला केवढा ताठा होता ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात ही सुई येणार आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तथागतांची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला दादांच्या किल्ल्यांचा जुडगा. दादा म्हणजे माझे वडील. ते ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर कामाला होते. आई द्राक्षबागेत जायची, पण नुसती मजूर म्हणून नव्हे. अकरा बायकांची एक टोळी तिच्या नावानं ओळखली जायची. ‘गयाबाईची टोळी’ म्हटलं की आसपासचे बागाईतदार निर्धास्त असायचे. त्यातून विरळणीला तर तीच हवी असायची. ज्यांनी बाग पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. छाटणीनंतर दोनेक महिन्यांनी घडात मणी धरतात, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, आणि इतके दाट की सगळे ठेवले तर एकही धड पोसत नाही. मग लहान कात्रीनं आतले मणी काढून टाकायचे. कुठला ठेवायचा, कुठला काढायचा हे घड हातात घेतल्या घेतल्या कळावं लागतं. आईला ते कळायचं. घड एकदा बोटांवर फिरवायची, चारदोनदा कात्री वाजायची, की पुढचा घड. हे सगळं वेलींच्या मांडवाखाली उभं राहून, मान वर आणि दोन्ही हात डोक्याच्या वर धरून. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत, दोन महिने. विरळणीच्या दिवसांत टोळीतल्या बायका घरी येऊन बसल्या तरी त्यांची मान थोडा वेळ वरच राहायची.

त्या वर्षी उन्हाळ्यात आईचा उजवा खांदा आधी दुखायला लागला आणि मग धरला. धरला म्हणजे अक्षरशः धरला. पावसाळ्यापर्यंत हात खांद्याच्या रेषेपर्यंत जायचा आणि तिथं कुणीतरी कडी लावल्यासारखा थांबायचा. आमच्या घराला हे सगळ्यात आधी कानानं कळलं. सकाळी भाकऱ्या थापण्याचा आवाज हा आमचा गजर होता. एका लयीत, भरभर, मध्येच परातीतलं पीठ ओढल्याचा खरखर आवाज. तो आवाज आता अडखळायला लागला, नंतर बंद पडला, आणि भाकऱ्या माझ्याकडं आल्या. माझ्या भाकरीला चार कोपरे असायचे. दादा पातळ तिखट झिरक्यात ती कुस्करून मुकाट खायचे आणि वर “झ्याक झालीय” म्हणायचे. त्यांच्या तोंडावरून ते खोटं आहे हे तसबिरीलाही कळलं असतं.

दुसरी गोष्ट केसांची. आईचे केस कमरेपर्यंत होते आणि तिला स्वतःचा अंबाडा घालता येईना. मी घातला तर शाळा सुटायच्या आत सुटायचा. एके सकाळी मी पाणी भरून आले तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं. फटीतून पाहिलं तर आई पाटावर बसली होती आणि दादा तिच्यामागं गुडघे टेकून, दातांत दोन आकडे धरून, तिच्या केसांना पीळ देत होते. टाकीचे जाड व्हॉल्व फिरवणारे हात ते. बाहेर कुणी पाहिलं असतं तर वस्तीनं महिनाभर त्यांची टर उडवली असती, म्हणून दार लोटलेलं. मी आल्या पावली मागं फिरले. आईवडिलांचं एकमेकांवर प्रेम असतं असं कुणी तोवर मला सांगितलं नव्हतं.

उपाय सगळे झाले. शेक झाला, लेप झाला, तालुक्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. गोळी घेतली की दिवसभर ठणका कमी व्हायचा, पण हात काही वर जाईना. टोळीतली हौसामावशी आईची जिवाभावाची मैत्रीण. ती तिला एका माणसाकडं घेऊन गेली आणि त्यानं तापल्या सळईनं खांद्यावर दोन डाग दिले. आई महिनाभर डागांनी तळमळली, खांदा होता तसाच. गणपतीच्या सुमाराला बागाईतदार नाना स्वतः ओट्यावर येऊन बसले. माणूस वाईट नव्हता. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, “गयाबाई, इरळनीला तुम्ही मांडवाखाली उभ्या राहनार का नाय, तेवढं सांगा. नसंल जमत तर मला दुसरी टोळी बघाय लागंल.”

“राहनार,” आई म्हणाली. “हात माझा हाय, मला ठावं.”

नाना गेल्यावर ती बराच वेळ भांड्यांच्या फळीकडं बघत राहिली. तिच्या हाताबरोबर अकरा जणींची विरळणी अडकली होती. पण मला वाटतं, त्याहून तिला भीती होती ती खाली पडलेले मणी झाडून गोळा करायच्या कामाची. हात गेलेल्या बाईला टोळीत तेच काम मिळतं.

आमच्या वर्गशिक्षिका नाशिकहून येऊन-जाऊन करायच्या. वर्षभर त्या गुडघ्याच्या दुखण्यानं जिना चढताना कठडा धरायच्या, आणि त्या पावसाळ्यात एकाएकी धरेनाशा झाल्या. मी भोचकपणे विचारलं तेव्हा त्यांनी गंगापूर रोडवरच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. म्हणाल्या, त्या सुया टोचतात. इंजेक्शन नाही, औषध नाही, नुसत्या सुया. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा दादा म्हणाले, “डाग झाले, आता सुया. उद्या कोनी खिळे ठोकतो म्हनंल.” पण आईनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “बाईंचा गुडघा तू बघितला चढताना?” मी हो म्हटलं. त्यावर शुक्रवारी आम्ही दोघी एसटीनं नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो.

द्वारकेला ट्रकांच्या गर्दीत आई माझा हात धरून उभी राहिली. तिनं मला धरलं होतं की मी तिला, सांगता येत नाही. तिथून रिक्षानं गंगापूर रोड. डॉक्टर नलिनीबाईंचा दवाखाना त्यांच्या बंगल्याच्याच पुढच्या दोन खोल्यांत होता. अंगणात पारिजातक, आत फिनेलचा वास, आणि इतकी शांतता की दवाखान्यात आल्यासारखं वाटेना. बाकावर कुणी गुडघ्याचं होतं, कुणी कमरेचं. कानावर स्कार्फ बांधलेली एक कॉलेजातली मुलगी अर्धशिशीसाठी यायची. ती म्हणाली की डोकं अजून दुखतं, पण महिन्यातून आठदा दुखायचं ते आता दोनतीनदाच. एका म्हाताऱ्या आजोबांना झोप येत नसे. ते बाकावर बसल्या बसल्याच घोरत होते, आणि त्यांची सून म्हणाली की हे फक्त इथंच होतं. आमच्या आधी एक गृहस्थ छातीत दुखतंय म्हणून आले होते. बाईंनी त्यांना आत घेऊन दोन मिनिटांत बाहेर आणलं, स्वतः रिक्षा थांबवली आणि मोठ्या दवाखान्यात धाडलं. “हे माझ्या सुईचं काम नाही,” एवढंच त्या म्हणाल्या. आईनं ते बारकाईनं पाहिलं. मला वाटतं तिचा विश्वास तिथंच बसला. आपलं काम कुठं संपतं हे सांगणारी माणसं तिला आवडायची.

आत भिंतीवर एका उघड्या माणसाचं मोठं चित्र होतं आणि त्याच्या अंगभर ठिपके. आई त्याच्यासमोर थांबली. बाई म्हणाल्या की हे शास्त्र चीनमधलं आहे, फार जुनं. आईनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “आपले तथागत तिकडं गेले, आन सुया इकडं आल्या. फिटंफाट झाली म्हना की.” नलिनीबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी आईचा हात सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला, डागांवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, “खांदा गोठलाय. हे दुखणं कधीकधी आपोआपही सुटतं, पण वर्ष-दोन वर्षं घेतं.”

“द्राक्षं थांबत्यात व्हय दोन वर्षं,” आई म्हणाली.

त्यानंतर जे झालं ते मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं असेल आणि दर वेळी सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो. आईला खुर्चीवर बसवलं. बाईंनी उकळून निर्जंतुक केलेल्या सुयांच्या डब्यातून चिमट्यानं एक सुई काढली. सुई कसली, केसच तो, फक्त ताठ. मला वाटलं आता खांद्यात जाणार, म्हणून मी खांद्याकडं डोळे लावून बसले. पण बाई खाली बसल्या. त्यांनी आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, गुडघ्याच्या वाटीपासून घोट्यापर्यंत बोटांनी माप घेतलं, बरोबर मध्यावर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला अंगठा दाबला आणि तिथं सुई आत सरकवली. रक्ताचा टिपूस नाही. आई म्हणाली, “मुंग्या आल्या. पाक घोट्यापर्यंत गेल्या.” बाईंनी सुई दोन बोटांत हलकेच फिरवायला सुरुवात केली आणि म्हणाल्या, “आता हात वर करा. सावकाश. दुखलं की थांबा.”

आईनं हात उचलला. खांद्याच्या रेषेपर्यंत आला. तिथं, जिथं चार महिने कडी लागलेली होती, तिथं तो क्षणभर थांबला आणि मग पुढं निघाला. कानापर्यंत गेला. आईनं मान वळवून स्वतःच्या हाताकडं असं पाहिलं की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. सुई पायात होती आणि हात वर चालला होता, आणि मला शाळेत शिकवलेलं सगळं शरीर, त्या हाडांच्या आकृत्या, ते बाणांनी दाखवलेले स्नायू, एकदम कमी वाटायला लागलं. माणसाच्या आत असे रस्ते आहेत ज्यांची आपल्याला खबर नाही, असं मला वाटलं. भीती वाटली आणि फार आनंदही झाला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं पण ती रडत नव्हती. तिचं ते तिलाही कळत नव्हतं.

“संध्याकाळपर्यंत पुन्हा थोडा खाली येईल,” नलिनीबाईंनी बजावलं. “आठवड्यातून दोनदा यायचं. आणि घरी भिंत चढायची.” भिंत चढायची म्हणजे भिंतीसमोर उभं राहून दोन बोटांनी पावलं टाकत हात वर न्यायचा, जाईल तिथवर, आणि खूण करायची. रोज दहा वेळा.

घरी आल्यावर दादांनी ओट्याशेजारची भिंत शेणानं सारवून दिली. दुसऱ्या दिवशी ते नानांच्या बागेत गेले आणि तुरीच्या एका काठीवर मांडवाखाली लोंबणाऱ्या घडाची उंची मापून आले. काठी भिंतीला लावली, आणि तिच्या टोकाशी गेरूनं एक लाल रेघ ओढली. “इथवर गेला की मांडव,” ते म्हणाले. आईचा हात पोचला तिथली खालची रेघ मी कोळशानं ओढली. मग रोज एक. पहिल्या आठवड्यात रेघा एकमेकींवर बसल्या, मग अंगुळभर अंतर पडलं, मग दोन. संध्याकाळी टोळीतल्या बायका कामावरून येताना आमच्या भिंतीशी थांबायच्या. सहा वेळा सुया झाल्या आणि कोळशाच्या रेघा चढत चढत लाल रेघेच्या वीतभर खालपर्यंत पोचल्या. एके सकाळी मला भाकरीचा आवाज ऐकू आला. धिमा होता, मध्ये थांबत होता, पण तोच होता. मी अंथरुणात पडून तो शेवटच्या भाकरीपर्यंत ऐकला.

मग छाटणी आली. छाटणीमागोमाग काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, औषधाची पेस्ट लावायची घाई असते. टोळी सकाळी निघाली की दिवे लागायला परत. आईला नाशिकला जाता येईना. दहा-बारा दिवसांत रेघा थांबल्या, आणि नंतर अंगुळभर खाली उतरल्या. आई भिंतीकडं बघायची टाळायला लागली. एका संध्याकाळी हौसामावशी ओट्यावर बसून म्हणाली, “आगं, पोरीला जागा ठावं हाय. तिनं बघितलीय. आन सुई काय, सुई ती सुईच. सबंध वस्तीचे काटे काढती ती.”

आई माझ्याकडं पाहायला लागली. “जमंल का गं, मंदे?”

नाही म्हणायचं माझ्या मनात आलंसुद्धा नाही. उलट, हे आजवर कुणाला कसं सुचलं नाही असं मला वाटलं. मी डबीतून माझी सुई काढली, जाळात धरून लाल केली, परकराला पुसली. गुडघ्याच्या वाटीपासून घोट्यापर्यंत मापलं. मध्य काढला. अंगठा दाबल्यावर आई म्हणाली, “हां, हीच.” मी सुई खुपसली. आईनं दात आवळले. रक्ताचा एक थेंब आला तो मी हळदीनं बंद केला. मग मी बाईंसारखीच सुई फिरवली आणि बाईंच्याच आवाजात म्हटलं, “आता हात वर करा.” आणि हात वर गेला. गेला, खरंच गेला. हौसामावशीनं स्वतः कोळसा घेऊन रेघ ओढली, आतापर्यंतची सगळ्यात वरची. त्या संध्याकाळी मी जेवले नाही, इतकं माझं पोट कौतुकानं भरलं होतं.

तिसऱ्या दिवशी आईचा पाय नडगीवर लाल झाला. चौथ्या दिवशी टरारून सुजला आणि ताप भरला. पाचव्या दिवशी तिला उभं राहवेना. हात तर हात, आता पायही गेला, आणि विरळणी सहा आठवड्यांवर. हौसामावशी ओट्याच्या पायरीवर तोंडाला पदर लावून बसून राहिली. दादांनी शिवणाची डबी उचलून उंच फळीवर ठेवली. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. आतल्या खोलीतून आईचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मी परकराचा तो काजळीचा डाग, जिथं मी सुई पुसली होती, पुन्हा पुन्हा चुरगाळत होते. मी आईला मारलं, हेच माझ्या डोक्यात होतं, दुसरं काही नाही.

दादांनी नानांची जीप मागून आणली आणि आम्ही तिला थेट गंगापूर रोडला नेलं. नलिनीबाईंनी पाय पाहिला. “काय झालं?”

“काटा रुतला, बाई,” आई तापातही पटकन म्हणाली. “बाभळीचा.”

बाईंनी बोटांनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मापलं आणि सुजेच्या मध्यावर बोट थांबवलं. “बाभळ मोठी हुशार दिसते. बरोबर माझ्या जागेवर टोचली.” मग त्या माझ्याकडं वळल्या. मी सांगितलं. सगळं सांगितलं, जाळ, परकर, हळद, मी काढलेला बाईंचा आवाजसुद्धा.

त्यांनी आधी पाय कापून पू काढला, औषध भरलं, इंजेक्शन दिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. हात धुतल्यावर त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं. “जागा कशी काढलीस दाखव.” मी त्यांच्याच पायावर मापून दाखवलं. “बरोबर,” त्या म्हणाल्या. “जागा बरोबर आहे. जाळात धरलीस तेही बरोबर. मग पुसलीस कशाला?”

“काळी झाली होती.”

“काळी होती तेव्हा ती स्वच्छ होती. तू तिला पांढरी केलीस आणि घाण केलीस.” त्यांनी एका भिंगाखाली त्यांची सुई आणि माझ्या परकराला पुसून एक शिवणाची सुई ठेवली आणि मला बघायला लावलं. त्यांच्या सुईचं टोक गुळगुळीत, गोलसर होतं. ते मांस बाजूला सारत आत जाई. शिवणाच्या सुईचं टोक ओरबाडलेलं, खडबडीत, त्यावर भिंगाखाली चक्क कापसाचे तंतू दिसत होते. आमच्या परकराचे. “काटा काढायला तुझा हात चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “काढणं वेगळं, घालणं वेगळं. माणसाच्या आत काही घालायचं असेल तर दहा वर्षं शिकावं लागतं. मला इतकी लागली.” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण तेवढा मार मला आयुष्यात कुणी दिला नाही. निघताना त्यांनी माझ्यावर एक काम सोपवलं: सुई नाही, अंगठा. आईच्या दोन्ही पायांवर ती जागा रोज अंगठ्यानं दाबायची, आणि भिंतीवरची एकही रेघ चुकवायची नाही.

आठ दिवसांनी आई पायावर उभी राहिली. दादांनी टाकीवरच्या जोडीदाराशी पाळी बदलून घेतली आणि दर मंगळवार-शुक्रवार स्वतः तिला नाशिकला नेलं. रेघा पुन्हा निघाल्या. दिवाळीत वस्तीत सगळ्यांचे ओटे सारवले गेले, आमच्या त्या भिंतीला तेवढा आम्ही कुणाला हात लावू दिला नाही. शेवटच्या भेटीत आईनं विचारलं, “बाई, ह्ये सुयांनी किती झालं आन भिंतीनं किती?” नलिनीबाई म्हणाल्या, “मला नाही सांगता यायचं, गयाबाई. सुईनं दुखणं मागं हटतं, मग भिंत चढता येते, एवढं मी पाहिलंय.” नंतरच्या आयुष्यात मी सुयांबद्दल बरीच भांडणं ऐकली. कुणी म्हणतं थोतांड, कुणी म्हणतं सगळे रोग जातात. दोन्हीकडच्यांना मला त्या खोलीत नेऊन बसवावंसं वाटतं.

विरळणीचा दिवस उजाडला तेव्हा कोळशाची शेवटची रेघ लाल रेघेच्या चार बोटं खाली होती. चारच बोटं. आईनं भिंतीकडं एकदा पाहिलं, कात्री कमरेला खोवली आणि निघाली. मीही शाळा बुडवून गेले. मांडवाखाली टोळी आपापल्या ओळीला उभी राहिली, नाना बांधावर. आईनं हात उचलला. बोटं घडाच्या खाली चार बोटांवर थांबली, भिंतीवर थांबत होती तशीच. मग आई मागं वळली, बांधावरचा माल भरायचा एक प्लास्टिकचा क्रेट पायानं ओढत आणला, पालथा घातला आणि त्याच्यावर उभी राहिली. घड तिच्या हातात आला. तिनं तो बोटांवर फिरवला, कात्री चारदा वाजली, हिरवे मणी खाली टपटपले. “काय बघता गं,” ती म्हणाली, “माझी उंची वाढली, तेवढंच.” बायका इतक्या हसल्या की नानांनाही हसावं लागलं. त्या मोसमात तो क्रेट ओळीओळीनं तिच्यामागं फिरला. काढणीच्या आधी कधीतरी तो तिनं एका ओळीच्या टोकाला ठेवला आणि परत आणायचं विसरली.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा स्वतःचा खांदा. मी पन्नाशीला आले, शाळेत शिकवते, गंगापूर रोडच्या एका गल्लीत चौथ्या मजल्यावर राहते. नलिनीबाईंचा बंगला होता तिथं आता मोठी इमारत आहे. बाईही राहिल्या नाहीत. दादाही गेले. आई माझ्याकडं असते. गेल्या महिन्यात माझा उजवा हात फळ्यावर अर्ध्यातच थांबला आणि मला ती कडी ओळखू आली. बाईंच्या हाताखाली शिकलेले एक तरुण डॉक्टर जवळच सुया टोचतात. मी त्यांच्याकडं जाऊन आले. पाकिटबंद सुई, पायात. हात वर गेला. तोच हात, त्याच रस्त्यानं, आणि पस्तीसेक वर्षांनंतर माझे डोळे तसेच वाहिले.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती सत्त्याहत्तरची आहे, चालते हळू, ऐकते निम्मं. तिनं माझ्याकडं पाहिलं, बैठकीच्या नुकत्याच रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीकडं पाहिलं, आणि टेबलावरची माझी लाल पेन्सिल उचलली. भिंतीशी जाऊन तिनं उजवा हात वर नेला, सरळ, डोक्याच्याही वर, कुठंही न थांबता. टाचा उचलल्या, आणि काठी नाही, माप नाही, मांडवाच्या उंचीवर एक लाल रेघ ओढली.

“इथवर,” ती म्हणाली. “चढ.”